चढाई चालू असताना

अण्णा, परवा मी तुमच्यावर हसले. म्हणजे तुमच्याबद्दल दुसरं कोणी काही बोललं त्यावर हसले, पण समोर माइक चालू होता आणि ते हसणं त्यात नीट नोंदलं गेलंय, तेव्हा पळवाट काढण्यात अर्थ नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. मी कॉल सेंटर सोडून सॉफ्टवेअर कंपनीत लागले, इथपर्यंतच तुम्हाला माझं माहीत. पुढे तीही नोकरी सोडली. आता मी पॉडकास्ट करते. म्हणजे धायरीच्या फ्लॅटमध्ये गोधड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाकून, आवाज घुमू नये म्हणून त्याच्याकडे तोंड करून माइकसमोर बसते आणि खेळ आणि राजकारण यांवर बोलते, पाहुण्यांना बोलतं करते. मैदान नाही, मांडव नाही. लोक मोबाइलवर ऐकतात, कुणी भाजी निवडताना, कुणी हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना. तुम्ही म्हणाला असता, "माणसं दिसत न्हाईत, मग बोलायचं कुणाकडं बघून?" खरं सांगायचं तर मी अजून तुमच्याकडेच बघून बोलते.

कंपनीत तुम्ही लेथवर होतात, पण हडपसरात लेथवाले म्हणून तुम्हाला कोण ओळखत होतं? तुम्ही कबड्डीचे निवेदक. विहारातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करता करता तुमचा आवाज तयार झाला आणि मग कालव्याकडच्या मैदानावर कुठलीही स्पर्धा असो, माइक तुमच्याच हातात. घरात "हाय, न्हाय" म्हणणारे तुम्ही माइक हातात आला की "आहे, नाही" म्हणायचात, आणि मला लहानपणी वाटायचं की माइकमध्येच काहीतरी सोय असेल. सामन्याच्या दिवशी सकाळपासून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालायच्या, खिशात ज्येष्ठमधाची कांडी असायची. "मॅच त्यांची, घसा आमच्या घरचा," असं आई ओट्यापाशी पुटपुटायची, आणि तीच तुमच्या माइकला लाल मखमलीचं टोपडं शिवून द्यायची. माइक मांडववाल्याचा असला तरी टोपडं तुमचं. माझं काम तुमच्या शेजारी बसून चिठ्ठ्या सांभाळायचं. कोणी पुढारी मैदानावर आला की स्टेजवरून त्याच्या नावाची चिठ्ठी यायची, ती मी तुमच्या हातात द्यायची आणि तुम्ही त्याचं स्वागत पुकारायचं. नाव पुकारलं गेल्याशिवाय मांडवात पाऊल टाकायचं नाही, ही त्या लोकांची रीत होती. जावईसुद्धा एवढा अडून बसत नाही.

मी नववीत असेन. एकदा चढाई चालू असताना मी तुमची बाही ओढून चिठ्ठी पुढे केली. तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी जेवायला बसल्यावर मात्र म्हणालात, "तो गडी दम धरून आत गेलाय. एका दमात जायचं, शिवायचं, माघारी यायचं. तवा माइकवर फकस्त त्याचं नाव. चढाई चालू असताना कोण बी येऊ दे, तो आलेलाच नसतो. चढाई संपली की आला." एवढंच. ओरडलादेखील नाहीत, पण मला इतकं रडू आलं की भाकरी तशीच राहिली. "पोरीला जेवू तरी द्या," आई म्हणाली. तेव्हा तुम्ही स्वतःच्या ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या ताटात ठेवलात आणि खाली मान घालून जेवत राहिलात.

तुमचा तो नियम मला फार आवडायचा. आवडायचं नाही ते त्याच्यानंतरचं. चढाई संपायची, तुम्ही चिठ्ठी उलगडायचात आणि तुमचा आवाज बदलायचा. आत्तापर्यंत खेळाडूच्या खांद्याला खांदा लावून पळणारा तो आवाज एकदम कमरेत वाकायचा. "आपल्या सर्वांचे लाडके, आदरणीय, आपला बहुमोल वेळ काढून..." त्या माणसाने आपल्या गल्लीत नळाला पाणी येऊ दिलेलं नसायचं, आणि तुम्ही त्याच्या बहुमोल वेळाचे आभार मानायचात. मला लाज वाटायची, अण्णा. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. शेजारी बसून मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहायचे.

मग ते वर्ष आलं, कंपनी बंद पडली ते. तुमच्यासारख्या सगळ्यांना घरी बसवलं आणि पलीकडच्या उसाच्या रानात काचेच्या इमारती उठायला लागल्या. तुमच्याकडे उरला तो माइक. मी बारावीत होते. त्या वर्षीचा अंतिम सामना, शेवटची काही मिनिटं, दोन्ही संघ बरोबरीत, आणि तुमचा आवाज असा काही लागला होता की झाडावर चढून बसलेली माणसंसुद्धा गप्प झाली होती. तेव्हा चिठ्ठी आली. त्या वर्षी स्पर्धेचा सगळा खर्च उचललेले, महापालिकेला उभे राहणारे साहेब मांडवाच्या तोंडाशी आले होते. चढाई चालू होती. मी चिठ्ठी मुठीत धरली आणि दिलीच नाही. सामना संपेपर्यंत साहेब तिथेच उभे राहिले आणि मग बक्षिसं न देता गाडीत बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची चार माणसं आपल्या दारात आली. "चिठ्ठी आलीच न्हाय," तुम्ही म्हणालात. त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा माझ्याकडे हात करून म्हणालात, "माझी पोरगी होती शेजारी. विचारा तिला. ती खोटं न्हाय बोलत." मी मान हलवली. आलीच नाही. पुढच्या वर्षी माइक एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे गेला. तुम्ही तरीही सामन्याला जायचात, पार मागे उभे राहायचात, आणि मी एकदा पाहिलं, चढाई चालू असताना तुमचे ओठ हलत होते. मला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही ते लाल टोपडं माझ्या हातात ठेवलंत. "आता बोलायचं काम तुझं," म्हणालात. ते माझ्या आत्ताच्या माइकला बसत नाही. शेजारी ठेवलेलं असतं.

आता परवाचं सांगते. तेच साहेब आता म्हातारे झालेत, एका क्रीडा संघटनेचे अध्यक्ष आहेत. त्यांची मुलाखत घ्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेले. मी कुणाची कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. माणूस वाईट नाही हो. एसीचा आवाज येतो म्हटल्यावर स्वतः उठून त्यांनी तो बंद केला. मैदानातून राजकारणात कसे आलात असं विचारलं, तर म्हणाले, "आमच्याकडे एक निवेदक होता. आवाज भारी, पण माजोरडा. मी हार घेतलेल्या पोरांबरोबर उभा, आणि हा पठ्ठ्या नावच घेईना. काढून घेतला माइक. माणसाला जागा दाखवावी लागते, मॅडम." आणि मी हसले. लोक मला सडेतोड म्हणतात, माझ्या प्रश्नांना पुढारी घाबरतात असं म्हणतात, आणि मी त्या वाक्यावर हसून पुढचा प्रश्न विचारला.

घरी येऊन ऐकायला बसले. ते हसणं ऐकायची मनाची तयारी होती, पण त्याच्याही आधी, अगदी सुरुवातीला, माझा आवाज आला: "साहेब, आपण एवढ्या व्यग्रतेतून आमच्यासाठी वेळ काढलात..." मी थांबवलं. पुन्हा ऐकलं. तो तुमचा आवाज होता, चिठ्ठी वाचतानाचा. तोच वाकलेला, तसाच जपून पाऊल टाकणारा. तुम्ही तो का काढत होतात ते मला त्या क्षणी कळलं. तो काढला तरच माइक हातात राहणार होता आणि तुम्हाला पुढची चढाई बोलता येणार होती. चाळिशी उलटली तेव्हा कळलं, आणि मला तुमची इतकी आठवण आली की कपाटातल्या गोधडीत तोंड घालून रडले.

मी ते हसणं कापलं नाही. मुलाखत संपल्यावर माझ्या आवाजात जोड दिली, की तो निवेदक माझे वडील होते, ते माजोरडे नव्हते, त्यांना चिठ्ठी मिळालीच नाही, कारण चढाई चालू होती आणि मी त्यांचा नियम पाळत चिठ्ठी मुठीत धरून ठेवली. आज सकाळी तो भाग बाहेर पडला. दुपारपर्यंत लोकांच्या निरोपांचा पाऊस. तुमचा नियम लोकांना फार आवडला. हडपसरच्या कुणी तुमचं समालोचन ऐकलेल्या माणसाने लिहिलंय, "जसा बाप, तशी लेक." ते वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवून हे पत्र लिहायला बसले. हे पॉडकास्टमध्ये वाचायचं माझ्यात बळ नाही. लाल टोपड्यात घडी करून ठेवीन, तेवढी जागा आहे त्यात.

कारण लोकांना सांगितलं ते खरं नाही, आणि वर तुम्हालाही मी तेच लिहिलंय. चढाई चालू नव्हती, अण्णा. संपली होती. गडी मध्यरेषेला हात लावून परत आला होता, टाळ्या चालू होत्या, आणि तुम्ही माइक खाली धरून मला विचारलंत, "काय आलंय का गं?" त्या दिवशी तुमचा आवाज इतका सुंदर लागला होता. तो वाकलेला मला ऐकायचा नव्हता. चिठ्ठी मुठीत घामाने ओली झाली होती. मी म्हटलं, "नाही." तुम्ही म्हणालात, "बरं," आणि माइक तोंडाशी नेलात.