एका पायावर दहा सेकंद

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, वाकायला सध्या मनाई आहे). तुझा गुडघा कसा आहे? मी मजेत. धाप लागते, पण ती आता घरचीच झाली.

चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि शिडीवरून कधी घसरलो नाही. मागच्या महिन्यात मात्र न्हाणीघराच्या चार बोटं उंच उंबऱ्यावर आडवा झालो. लागलं म्हणावं असं काही नाही. त्याआधी दोनदा झालं ते पडण्यात धरू नये (एकदा पलंगावरच पडलो, एकदा कपाटाला धरून सावकाश खाली बसलो, कपाटासकट).

सूनबाईने छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. "सहा महिन्यांत किती वेळा पडलात?" मी म्हणालो, एकदाच. "तीनदा," सूनबाई म्हणाली, "काचा मी भरल्यात." डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकली की पायांतलं बळही ओसरतं आणि तोल जातो. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला एका पायावर दहा सेकंद उभं केलं. चारपर्यंत मी बगळ्यासारखा. पाचव्याला आधाराला हात टाकला तो नेमका पडद्यावर. पडदा, दांडा आणि मी पलीकडे गेलो, तिथे एक गृहस्थ सदरा काढून बसले होते. छातीवर हात घेऊन अदबीने म्हणाले, "मी नंतर येऊ का?"

खरं सांगू ताई, पडण्यापेक्षा पडायची धास्ती वाईट. त्यापायी मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाणंही सोडलं होतं, आणि बसून बसूनच पाय अधिक लटपटायला लागले. आता रोज ओट्याला धरून टाचा उचलतो. सूनबाई आकडे मोजते (तिचा एक सेकंद आपल्या दोघांच्या वयाएवढा असतो). काल पहिल्यांदा दुकानापर्यंत जाऊन आलो. वाटेत तीनदा थांबलो, पण उभ्यानेच.

घरातल्या उभ्या-बसल्या सगळ्यांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. अक्षर डाव्या हाताचं आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे.

ता. क. दुसरा. दाजींची चार पायांची काठी माळ्यावर पडून असेल तर पाठव. सोबत चिठ्ठी लिही, की मी नको नको म्हणत असताना तूच गळ्यात मारलीस. सूनबाईला सहज दिसेल अशा मोठ्या अक्षरात.

आत्याबाई, नमस्कार. पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडेच आलं. काठी मी गेल्याच आठवड्यात आणून दाराआड ठेवली आहे, ते हात लावत नाहीत. तेव्हा काठी राहू द्या, चिठ्ठी तेवढी पाठवा.
— सूनबाई