सिल्लेवानीच्या घाटात आपली स्कूटर

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज सकाळी चहा पिताना मला एकदम आपली छिंदवाड्याची सफर आठवली आणि इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. सुनेने विचारलं काय झालं. तिला कुठून सांगायला सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

मी आठवीत नापास झालो त्या उन्हाळ्यातली गोष्ट. नव्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे, तुम्ही मात्र कुणाची तरी जुनी हिरवी स्कूटर घेऊन आलात आणि आठच दिवसांत म्हणालात, "चाल, आत्याकडे जाऊ, छिंदवाड्याले." मी तोवर रामटेकच्या पलीकडे गेलो नव्हतो. मला इतका आनंद झाला, की आईने माझ्या कपड्यांची पिशवी एवढी गच्च का भरली हे विचारायचंही सुचलं नाही.

लकडगंजला लाकडं कापायच्या आरामशीनवर काम करून तुमचे कान अर्धे गेले होते. चालत्या गाडीवर माझं काही ऐकू येणार नाही, म्हणून ठरलं की वळायचं असेल त्या बाजूच्या खांद्यावर मी थाप मारायची. सावनेरच्या पुढे तुमच्या उजव्या खांद्यावर गांधीलमाशी बसली. मी ती झटकली आणि तुम्ही गाडी सरळ संत्र्याच्या बागेत घातली. राखणदार काठी घेऊन धावत आला. "काय करून राहिले भाऊ?" तुम्ही मोठ्या आवाजात म्हणालात, "हो, छिंदवाड्याले." तो हसत हसत काठीवर रेलला आणि मग त्यानेच आपल्याला पाणी पाजलं.

सिल्लेवानीच्या घाटात गाडी दोघांना घेऊन चढेना. तुम्ही उतरलात. "तू चालव गा. मी मागून ढकलतो." मी हँडलला हात लावायची ती पहिलीच वेळ. तुम्ही ढकललं, गाडीने उसळी घेतली आणि मी निघालो तो निघालोच. तुम्ही मागून ओरडताय, "क्लच! क्लच!" मी ओरडतोय, "कुठं आहे?" पण ते तुम्हाला ऐकू येत नाही. एक वळण, दुसरं वळण, कठड्यावरची माकडं उड्या मारून बाजूला होतात, आणि मी एकटाच मोठमोठ्याने हसतोय. माथ्यावर पायाखालचा ब्रेक सापडला. गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि कठड्यावर बसून राहिलो.

वीस मिनिटांनी एक ट्रक आला. त्यात बकऱ्या होत्या आणि बकऱ्यांच्या मधोमध तुम्ही, एक पिल्लू मांडीवर घेतलेलं. उतरून तुम्ही आधी गाडीभोवती फिरलात, मग माझ्याभोवती.

"मले वाटलं, दरीत गेला."

मग कठड्यावर माझ्याशेजारी बसलात आणि हळू बोललात. तुम्हाला हळू बोलता येतं हे मला तिथे कळलं.

"तुले आत्याकडे ठेवाले नेऊन राहिलो होतो. तिथल्या शाळेत."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू आला नसता."

मी उठून गाडी स्टँडवरून काढली. तुम्ही हँडल हातात घेतलंत आणि आपण निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्यासाठी कपाटातला खण रिकामा करत होती. तुम्ही तिला म्हणालात, "राहू दे वं बाई. मले ऐकू येत नाही, एकटा गाडी कशी नेऊ? याले घेऊन जातो." आत्या म्हणाली, "अन् शाळा?" तुम्ही ऐकू न आल्यासारखं केलंत. ते तुम्हाला ऐकू आलं होतं, बाबा. घाट उतरताना गाडी मीच चालवली आणि तुम्ही मागे बसून सावनेरपर्यंत गाणी म्हणत होतात, सगळी बेसूर.

पुढच्या वर्षी मी काठावर पास झालो. नंतर तीस वर्षं बस चालवली.

हे पत्र वहीतच राहील. त्या दिवशी घाटाच्या माथ्यावर तुम्ही मला विचारलं होतं, एकटा भ्याला का, आणि मी हो म्हणालो होतो, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. खरं तर मागे वळून पाहिलं तेव्हा तुम्ही दिसला नाहीत, आणि त्या वीस मिनिटांत मला तुमची एकदाही आठवण आली नाही.