गांगुर्डेचं वजा चिन्ह

नाशिक, मंगळवार, ११ सप्टेंबर १९७९. संध्याकाळ.

चाचणीचे पेपर तपासून झाले, पण गांगुर्डे नावाच्या मुलीचा पेपर बाजूलाच ठेवलाय. प्रश्न नेहमीचाच. फार उंचावरून सोडलेला दगड जवळ येईल तसं गुरुत्वाकर्षण वाढतं, तर जमिनीवर पोचायला वेळ किती? इंटिग्रेशन करून काढा. बाकी एकतीस जणांनी मी सांगितलं तस्संच उतरवलं. हिने मात्र वेग काढताना वर्गमुळाआधी वजा चिन्ह घातलं. उत्तर बरोबर आहे. पण वजा आलं कुठून? माझ्या नोट्समध्ये तर नाही. कुणाची तरी वही मिळाली असणार. की शिकवणी? वडील सातपूरला कारखान्यात पाळीवर, परवडणार कशी?

दुपारी स्टाफरूममध्ये बोलावलंच. "हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर. दगड खाली येतोय, म्हणजे अंतर कमी होतंय. मग वजा नको का?"

पटलं नाही. "बघू," म्हणालो.

आत्ता माझी जुनी वही काढली. तिथे वजा नाही, म्हणून शेवटी वेळच वजा येतो. खाली माझ्याच अक्षरात: 'वेळ ऋण नसतो, सबब चिन्ह सोडून द्यावे.' सोडलं की उत्तर जुळतं! माझ्या सरांनी हे सांगितलं, मी उतरवून घेतलं, आणि आता बारा वर्षं मी सांगतोय. एकतीस पेपरांत हेच वाक्य आहे, त्या 'सबब'सकट. त्यांना मी पैकीच्या पैकी दिलेत.

आणि कॉपीचा संशय मला आला तो फक्त गांगुर्डेचा.