शेण कोणाचं, गॅस कोणाचा

इंझोरी, मार्च १९७६

तीर्थरूप पंजाबमामांना भागिरथाचा जयभीम. तुमची कंबर आता कशी आहे? शेलूबाजारच्या जीपच्या टपावर बसणं सोडलंत की नाही? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त कपड्यांना वास येतो.

नागपूरच्या संस्थेत मी सांगून आले होते की खेड्यातल्या प्रत्येक चुलीला सारखं इंधन मिळवून देईन. तेव्हापासून तिथे मला शेणबाई म्हणतात. (अरबांनी तेल महाग केल्यावर दिल्लीला शेण आठवलं, त्याला मी काय करू?) इथला पहिला गोबरगॅस संच सरकारी नियमाप्रमाणे ज्याची जनावरं जास्त त्याला, म्हणजे इंद्रभान पाटलांना मिळाला. उद्घाटनाला अकोल्याहून साहेब आले. त्यांनी शेगडीला हार घातला, काडी ओढली, आणि शेगडी नुसती खोकली, कारण नळीत पाणी साचलं होतं. चहा तर व्हायलाच हवा. मग मागच्या अंगणात इथल्या आपल्या वस्तीतल्या गंगूआत्याच्या गोवऱ्यांवर तो झाला, आणि गॅसच्या चहाला धुराचा वास कसा तो नाही म्हणून साहेबांनी तारीफही केली. (माझा कप वेगळ्या कोनाड्यातून आला. नळीतलं पाणी काढायला मात्र माझाच हात चालला.)

संच पेटला आणि पुढची मजा सुरू झाली. आखरावर, म्हणजे सकाळी गावची जनावरं जमतात तिथे, ज्या बाईने शेणाच्या पोवर आधी काडी खोचली तिचा तो पो. आपल्या वस्तीच्या चुली यावरच चालत आल्या. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण कुणी मोडल्याचंही ऐकलं नव्हतं. आता पाटलांनी जनावरांमागे भाऊसिंग नावाचा गडी टोपली देऊन लावलाय. शेण जमिनीवर पडायच्या आतच पाटलांचं होतं, आणि गंगूआत्या हातात काडी घेऊन बघत राहते. मी ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं की गाय पाटलांची असली तरी गवत गायरानाचं आहे, तेव्हा शेणात गावाचा वाटा निघतो. पाटील म्हणाले, "मंग तुमचं गवत वापस घिऊन जा." मग मी साहेबांकडे गेले, तर ते म्हणाले की योजना गॅसची आहे, न्यायाचं खातं वेगळं. (ते कुठल्या मजल्यावर आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.) शेवटी अहवालात लिहिलं की एका घरी गॅस आला आणि वस्तीच्या चुली विझल्या. वर पोचेपर्यंत त्यातलं 'एका घरी गॅस आला' एवढंच उरलं.

आत्या सध्या कपाशीच्या उसन्या पऱ्हाट्या आणून भाकरी करते. म्हणून शेवटचा डाव तुमच्या शेलूबाजारच्या वस्तीत मांडलाय. तिथे एकच सामाईक संच बसेल, जनावर कुणाचंही असो, गॅस सगळ्या घरांना. साहेब सोमवारी पाहायला येताहेत. वस्तीत एकी दिसली नाही, तर हाही संच कुण्या पाटलाच्या गोठ्यामागे जाईल आणि माझी रवानगी प्रयोगशाळेत नळ्या धुवायला होईल. तुम्ही थोरले आहात, वस्ती तुमचं ऐकते.

तुमची भाची,
भागिरथा

ता. क. – परवा शेलूबाजारला उतरले होते. तुम्ही बाजारात गेला होतात. तुमच्या गोठ्यामागे एका कुटुंबापुरता सुबक, गोल खड्डा खणलेला दिसला. मामा, अख्ख्या वस्तीत म्हशी फक्त तुमच्याकडे आहेत. तुम्ही घरचा संच बसवलात तर सामाईक संचात काय माझे अहवाल कालवायचे? सोमवारच्या आत तो खड्डा बुजवा. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

दुसरा ता. क. – हेच मी परवा तिथे मामीला सांगितलं होतं. शाळेची सगळी वर्षं मी तिच्याच हातचं जेवले. ती चूल फुंकत होती. डोळे पुसून म्हणाली, "तुले शायेत धाडलं तवा मीच धूर खाल्ला. आता वस्तीले गॅस भेटेपावतर बी मीच खाऊ काय?" तेव्हा खड्डा बुजवू नका, चांगला रुंद करा, सगळ्या वस्तीला पुरेल असा. पहिली नळी कुणाच्या घरी जोडायची ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, अगदी निःपक्षपातीपणे. चिठ्ठ्या मीच लिहिणार आहे, आणि सगळ्यांवर मामीचंच नाव असेल. वाचून झालं की हे पत्र तिच्या चुलीत घाला.