‘नागसेनचा अड्डा’ आणि माझी अखेरची व्यवस्था

रविवारी माझ्या दिवाणखान्यातल्या टेबलाभोवती जमणाऱ्या खेळगड्यांनो, आपल्या सगळ्यांना घरीदारी एकच टोमणा ऐकावा लागतो: "या वयात खेळणी?" विचारणारे स्वतः पारावर पत्ते कुटून आलेले असतात. बोटभर उंचीचे योद्धे, परग्रहावरची घरं आणि फासे यांत आपण रमतो, एवढाच आपला गुन्हा. तुम्हाला साक्षी ठेवून हे लिहितो.

मी, उद्धव खुशालराव वानखडे, वय एकोणसत्तर, निवृत्त वकील, राहणार अमरावती. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण अकोल्याच्या माझ्या धाकट्या भावाचा, गजेंद्रचा, त्यावर सहज विश्वास बसणार नाही. मी कुणाच्याही दबावाखाली नाही. दबाव आणू शकणारी एकमेव व्यक्ती, माझी पत्नी कुंदा, सध्या शेजारी भांडायला गेली आहे.

१. घर कुंदाचं, तिच्यानंतर मुलगी प्रणालीचं. दिवाणखान्यातलं टेबल हलवू नये. तिथं सोफा ठेवण्याचा कुंदाचा जुना बेत मला ठाऊक आहे.

२. थ्रीडी प्रिंटर प्रणालीला. मला तो तिनंच शिकवला. मात्र त्यावर छापलेलं काहीही मे महिन्यात अकोल्याला नेऊ नये. आमच्या खेळातला पहिला प्लास्टिकचा बार गजेंद्रनं तिथं उन्हात गाडीत ठेवला आणि काउंटर मऊ होऊन वाकला. थेंब न पिता झिंगलेला तो वऱ्हाडातला एकमेव बार.

३. माझी भाषणं. मी वऱ्हाडभर सभा गाजवल्या. त्यांतली समतेवरची भाषणं गजेंद्र अकोल्यात स्वतःची म्हणून ठोकतो. यापुढे ठोकू नयेत. ठोकायचीच असतील तर आधी एकदा वाचावीत.

४. ‘नागसेनचा अड्डा’. हा आमचा दुसरा बार, परग्रहावरचा. छापला मी, रंगवला माझे मित्र प्रा. नागसेन वानखडे यांनी. ते रसायनशास्त्र शिकवतात. आमचं आडनाव एक, नातं मात्र टेबलाचं. गंजलेला पत्रा, काउंटरवर सांडलेली निळी दारू, तीन डोळ्यांचा वेटर, सगळी त्यांच्या ब्रशाची करामत. मी जन्मभर दारूबंदीवर बोललो, तरी हा बार मला प्रिय आहे, कारण तिथं कुणीही येऊन कुणाशेजारीही बसतो. म्हणून दारावरच्या पाटीला मी सरांचं नाव दिलं.

गेल्या भाद्रपदात प्रणालीनं तो महालक्ष्म्यांपुढच्या आरासीत मांडला. जेवणाच्या दिवशी सरही आले. गजेंद्र खूश. "वानखडे सर म्हणजे आपल्यातलेच!" म्हणत त्यानं त्यांना पंगतीत स्वतःशेजारी बसवलं. मग त्याची नजर पाटीवर गेली.

"हे नागसेन कोन व्हय?"

"मीच," सर म्हणाले.

नाव कळलं तशी जात कळली. गजेंद्रचा आवाज एकदम मधाळ झाला. "सर, भाईर व्हरांड्यात हवा मस्त हाये. तुमचं ताट तिकडंच लावतो."

भाद्रपदातल्या अमरावतीत व्हरांड्यात हवा असते, हा शोध त्याच्या नावावर नोंदवावा.

सर उठले. मी माझं ताट उचलून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. पुरणपोळ्यांची परात घेऊन कुंदा मागोमाग आली आणि दारातूनच कडाडली, "भाऊजी, उद्या तुमी पुरणालेबी जात विचारान!"

दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाटीवर कागद चिकटवलेला: ‘रसवंती’.

"देवापुढं बार बरा नाई दिसत, दादा," गजेंद्र म्हणाला.

बार आदल्या दिवसापर्यंत बरा दिसत होता. नाव दिसलं आणि तो बिघडला.

सर तेव्हापासून टेबलावर आलेले नाहीत. मी फोन करून कागदाचंही सांगितलं, तर म्हणाले, "उद्धवराव, ज्यानं कागद लावला त्यानं काढला की येतो." त्यांचं बरोबर आहे, म्हणून मी त्या कागदाला हात लावलेला नाही. हा बार मी सरांना देत आहे. तो रसवंती म्हणून त्यांच्या हाती द्यायची मला लाज वाटते.

५. वलगावच्या शेतातला माझा हिस्सा गजेंद्रला, विनाअट. अट घालता आली असती. वकिली उगाच केली नाही. पण मग त्यानं तो कागद शेतासाठी काढला असता.

याची प्रत त्याला आजच पाठवली आहे. मेलेल्या भावाचं मृत्युपत्र ऐकून रडणारे भाऊ मी कोर्टात पुष्कळ पाहिले. त्यांच्या रडण्यानं कुणाचं ताट आत आलं नाही.

उद्धव खुशालराव वानखडे (सही)

त्यांनी आमच्यादेखत सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही:
गीतांजली राऊत (सही)
गोपाल ढोक (सही)

अमरावती, १२ फेब्रुवारी २०२५

गजेंद्र, येत्या रविवारी ये. सरांना फोन लावून मी तुझी वाट पाहत बसेन. कागद खळीनं चिकटवलेला आहे, नखानं निघतो. काढ.