वळणापलीकडचा काठ

प्रिय क्लिफर्ड,

गेल्या महिन्यात डॅडी गेले. मला रडू आलं नाही.

चौऱ्याहत्तर साली सरकारने नदीचे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात घातले, पण डॅडींनी ते कधी मानलं नाही. तू पलीकडची मुलगी केलीस, तेव्हापासून तुझ्याशी बोललेही नाहीत. शेवटी मला म्हणाले, "डोरीन, राख नदीत सोड, पण आपल्या काठावरून. मेलो तरी पलीकडे जाणार नाही!"

काल बाजार उठल्यावर सोडली, आपल्याच काठावरून. लहानपणी आपला चेंडू पाण्यात पडला, की वळणावरून थेट पलीकडे लागायचा. आज तिथेच तुझं घर आहे.

राख सोडताना मला तो चेंडू आठवत होता.

हे पत्र पेटीत टाकत नाही. डॅडी स्वतःच येतायत.

तुझी,
डोरीन