राखीची खोली

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

मिळालं! घर मिळालं! दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि आतून कडी लावता येणारं न्हाणीघर — आता दुसऱ्यांचे ओले टॉवेल बाजूला सारून अंघोळ करायला नको. ब्रागात आल्यापासून नुसती खाटच काय ती आमची होती, खोली पाचजणांची. सुदेश किल्ली घेऊन आला आणि म्हणतो, "तू उघड." मी किल्ली उलटीच घातली. मग त्यानंच उघडलं. पोर्तुगालमध्ये येऊन दीड वर्ष होत आलं की!

दुसरी खोली राखीची, माझ्या लेकीची. वकीलबाई म्हणाल्याच होत्या — पोरीला राहायला जागा दाखवा, मग कागद पुढं सरकतील. आता जागा आहे. रिकामी, पण आहे. खिडकीतून शेजारच्या परसातलं संत्र्याचं झाड दिसतं. फोटो काढून पाठवला. पण गावी, बाजारकुणंगला नेटवर्क कुठलं! कविता, माझी नणंद, चढावर जाईल तेव्हा पोचेल.

१६ सप्टेंबर

शोभा झाली!

नवीन घर म्हणून स्वयंपाकघर बादल्या ओतून धुतलं. खराट्यानं खसाखसा घासलं. मग पाणी ढकलायला मोरी बघते तर मोरीच नाही! कुठंच नाही! ही माणसं फरशी धूतच नाहीत, पुसतात. पाणी गेलं खालच्या मजल्यावरच्या म्हातारीच्या छताला. ती वर आली हातवारे करत. तिची भाषा मला निम्मी कळते, निम्मी तोंडाकडं बघून कळली. सुदेश कामावर. मी चादर, टॉवेल, सुदेशची लुंगी — सगळं जमिनीवर टाकलं आणि पिळत बसले. म्हातारी कमरेवर हात ठेवून बघत होती. मग काय झालं कुणास ठाऊक, गुडघे टेकून तीही पिळायला लागली.

लुंगी बघून तिनं काहीतरी विचारलं. नवऱ्याची आहे म्हटल्यावर जी हसली! मी पण हसले. खूप दिवसांनी.

६ ऑक्टोबर

म्हातारीनं खाट दिली, तिच्या नातवाची. तो आता मोठा होऊन फ्रान्सला गेलाय म्हणे. सुदेशनं खिळे मारून घट्ट केली. पडदा घेतला, मासे छापलेला. हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी इस्त्री करते, आज घरी येऊन राखीची एक छोटी चादर इस्त्री केली. काही गरज नव्हती. केली.

२० ऑक्टोबर

उकडा तांदूळ मिळाला!!

३ नोव्हेंबर, रविवार

फोन लागला. कविता चढावर राखीला घेऊनच गेली होती.

"खोली बघितलीस?"

"व्हय."

"आवडली?"

"मासं हाईत पडद्यावर." मग म्हणाली, "आज्जी कुटं झोपनार?"

आज्जी गावातच राहणार म्हटलं. "मग मला नको," म्हणाली आणि पळाली. कविताच्या हातात नुसता फोन राहिला. कविता भाबडी, सांगून गेली — राखी मला 'फोनातली आई' म्हणते.

फोनातली! म्हणजे फोनाबाहेरची पण कोण आहे?

सुदेश म्हणतो, पोर आहे, सहा वर्षांची, इथं आली की दोन दिवसांत विसरेल. कोणाला विसरेल ते नाही बोलला. आत्तीचा, म्हणजे माझ्या सासूचा, जीव आहे राखीवर. त्याची आईच ती, त्यालाही कळतं. जेवले नाही नीट.

२७ जानेवारी २०२५

व्हिसा झाला! राखीचा व्हिसा झाला!

सुदेशला रजा नाही. मी एकटी जाऊन घेऊन येणार. म्हातारीला खाली जाऊन सांगितलं तर तिनं माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

८ फेब्रुवारी, बाजारकुणंग

कॅसलरॉक स्टेशनला उतरले आणि थंडीचा, ओल्या पानांचा वास आला. तिथंच बाकावर बसून रडून घेतलं, घरी रडायला नको म्हणून. जीपवाला भिकाजी म्हणाला, "वैनी, गोरी झालीस गे!" कसली गोरी!

राखी आत्तीच्या मागं उभी. केवढी वाढलीय! फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलाय. मी हात पसरले. आली नाही. चॉकलेट पुढं केलं. आत्तीनं ढकललं तेव्हा आली, घेतलं, आणि म्हणाली, "थँक्यू."

पाहुण्यांना म्हणतात तसं.

९ फेब्रुवारी

आज माझ्या शेजारी जेवायला बसली. काट्यांचे मासे आपल्या हातानं खाते! मी काटा काढायला गेले तर माझ्याकडं बघत राहिली. आत्ती म्हणाली, "तिला येतंय काडाया." मी हात मागं घेतला.

११ फेब्रुवारी

काल रात्री जायचा विषय काढला. आत्ती म्हणाली, "तुजी पोर, मी कोन नको म्हननारी? पन सातेरीला इचारल्याबिगर घरातलं मानूस दर्या वलांडत न्हाई."

तेही खरं. सुदेश गेला, मी गेले, दोन्ही वेळेला कौल लावला होता. दोन्ही वेळेला उजवा.

आज सकाळी देवळात गेलो. लखू गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि आत्तीला म्हणाला, "मनात धर." आत्तीनं डोळे मिटले. मी राखीचा हात धरून उभी. फार वेळ लागला नाही. डावी पडली.

डावी म्हणजे नको.

लखू कुणाकडं न बघता कळी उचलायला लागला. आत्तीचं तोंड पांढरं पडलं. येताना आत्ती मागं मागं रेंगाळत होती. राखी मात्र उड्या मारत पुढं!

चढावर जाऊन सुदेशला फोन केला. "कळ्याबिळ्या सोड, पोरीला उचल आणि ये!" असा ओरडला! हाच सुदेश मोटरसायकल घ्यायच्या आधी कौल लावणारा. आता तिकडं बसून शहाणा झालाय. मी काय करू? तसंच उचलून नेलं आणि तिला साधा ताप जरी आला, तरी मला आयुष्यभर ती कळीच दिसणार.

१३ फेब्रुवारी

आत्ती ओटीवर कुळीथ पाखडत होती. राखी परसात. मी समोर जाऊन बसले.

"आत्ती, देवीला काय इचारलासा?"

सूप चालूच. 

"पोरीला पाटवू काय, ह्ये इचाराया गेलते," म्हणाली. "डोळं मिटलं आनि मनात भलतंच आलं. पोरीबिगर मी ऱ्हाईन काय, असं आलं. देवीनं त्याचंच सांगितलं. मी न्हाई ऱ्हायाची."

"म्हणजे कौल राखीचा नव्हताच!"

"न्हवता."

मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. आत्तीकडं बघून झालं नाही.

मग ती म्हणाली, अगदी साधेपणानं, रागानं नाही, "तू ऱ्हायलीस की तिच्याबिगर. तुला जमतंय. मला न्हाई जमायचं."

मी भडकलेच! कुणासाठी राहिले मी? पाचजणांच्या खोलीत कुणासाठी झोपले? ती खाट, तो पडदा कुणासाठी? काय काय बोलले. राखी धावत आली, घाबरून रडायला लागली, आणि सरळ जाऊन बिलगली — आत्तीला. आत्ती तिला माझ्याकडं ढकलत होती. पोर सुटेना.

संध्याकाळी माफी मागितली. आत्ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गे." चहा केला. प्यालो दोघी.

पण तेच एक वाक्य डोक्यात. तुला जमतंय.

१४ फेब्रुवारी

सकाळी कुणाला न सांगता देवळात गेले. लखूला वाटलं प्रवासाचं विचारायला आलीय. मी आत्तीचाच सवाल मनात धरला, माझ्यासाठी. पोरीवाचून मी राहीन काय?

कळ्या हलेनात. मग पडली. उजवी. म्हणजे राहीन.

"दिला गे उजवा देवीनं!" लखूला केवढा आनंद!

घरी आले तर आत्ती दारात. "कुटं गेलतीस?"

"देवळात. तुमचाच सवाल घातला, माझ्यासाठी."

"मग?"

"डावी पडली," म्हटलं.

आत्तीनं माझ्याकडं बघितलं. मग आत गेली आणि राखीचे फ्रॉक दांडीवरून काढायला लागली.

"ने मग," म्हणाली.